यादीत नसलेला बझर

"आणि बिघडलं तर?" कादरमास्तरांनी विचारलं.

"बिघडणारच नाही, मास्तर," हेमांगी म्हणाली. "यादी तर बघा आधी."

मास्तरांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि सुट्या भागांची यादी हातात घेतली.

नांदेडच्या वजिराबादेत, एका जिन्याखालच्या खोलीत कादरमास्तर कॉम्प्युटर दुरुस्त करत. आयटीआयमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी अख्खा बाजार त्यांना मास्तरच म्हणे. हाताखाली ते एका वेळी एकालाच घेत, आणि घेण्याआधी अट एकच. आपला पहिला कॉम्प्युटर स्वतः निवडायचा, त्याचे सुटे भाग स्वतः आणायचे आणि मास्तरांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत जोडायचा. दोन वर्षांत चौघं येऊन गेले होते. चौघंही आले तसे परत गेले.

ही पाचवी. कंधारची हेमांगी. पॉलिटेक्निकला पहिली आलेली, आणि आपण पहिल्या आलो हे समोरच्याला पाच मिनिटांच्या आत कळेल याची पुरेपूर काळजी घेणारी.

तशी तिला दुसरीही एक काळजी होती. घरचे म्हणाले होते, मास्तरांनी ठेवून घेतलं तर खुशाल नांदेडला राहा. नाहीतर सोमवारपासून मामाच्या मेडिकलमध्ये काउंटरला उभी राहा. हेमांगीला जन्मभर खोकल्याच्या बाटल्या विकायच्या नव्हत्या. तिला कंधारला दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, वर स्वतःच्या नावाची पाटी असलेलं.

"प्रोसेसर हाच का?"

"पुढची पाच वर्षं डोळ्यांपुढं ठेवून घेतलाय. पडद्यावर चित्र दाखवायची सोय याच्या आतच आहे. ग्राफिक्स कार्ड आत्ता लागत नाही. उद्या लागलं तर बोर्डावर जागा आहे."

"रॅमची एकच पट्टी?"

"मोठी आहे. दुसरीची खाच मोकळी ठेवलीय."

"एसएमपीएस?"

"अख्ख्या मशीनला वीज तोच डबा देतो. तिथं हात आखडला नाही. लोक नेमके तिथंच आखडतात."

"आखडतात खरे," मास्तर म्हणाले.

यादीत खोट निघेना. हेमांगीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"दुकानदारानं दिलं ते सगळं आणलंस?"

"बोर्डाबरोबर एवढासा बझर देत होता. फुकट. मी परत केला." ती हसली. "नुसत्या शिट्या मारतो तो, मास्तर. चांगल्या मशीनला कशाला हवा?"

"हं..." मास्तर म्हणाले. "जोड."

मास्तरांची एक रीत होती. नवं मशीन आधीच कॅबिनेटमध्ये बसवायचं नाही. बोर्ड ज्या खोक्यातून आला, त्याच खोक्यावर सगळं उघड्यावर मांडायचं. तिथं चाललं, तर मग आत.

हेमांगीनं ही रीत विचारून ठेवली होती. तिनं खोकं टेबलावर आडवं ठेवलं, त्यावर बोर्ड मांडला, प्रोसेसर अलगद त्याच्या जागी सोडला, दांडी दाबली, वर पंखा आवळला. कुठंही अडलं नाही. काय बिशाद!

मग रॅम. पट्टी खाचेत धरून तिनं दोन्ही अंगठ्यांनी दाबली. डावीकडं खट् झालं.

उजवीकडं... झालं का?

ती क्षणभर थांबली. पुन्हा एकदा दाबावं, असं वाटलं तिला. पण मास्तर समोर बसून बघत होते. पहिली आलेली मुलगी साधी रॅम दोनदा दाबते, हे त्यांना दिसलं असतं.

झालंच असेल, असं मनाशी म्हणून तिनं पुढचं काम घेतलं.

वायरी लागल्या. मॉनिटर लागला. बोर्डाच्या कडेला दोन पिना असतात, त्यांना पेचकसाचं टोक टेकवलं की मशीन सुरू होतं. हेमांगीनं ते मोठ्या ऐटीत टेकवलं.

पंखा भिरभिरला. बोर्डावरचा दिवा लागला.

पडदा काळाच.

"वायर असेल," म्हणून तिनं मॉनिटरची वायर बदलली. पडदा काळाच.

"मॉनिटरच गेलाय." मास्तरांनी स्वतःचा मॉनिटर पुढं सरकवला. तोही काळा.

"मग बोर्डच खराब दिलाय मेल्यानं! काय माणसं असतात एकेक..."

मास्तर चष्मा पुसत होते.

"सांगा ना, मास्तर. काय झालं असेल?"

"मला काय विचारतेस, बेटा? त्याला विचार."

"मशीनला? ते काय बोलणारे!"

"बोललं असतं. तोंड तर तूच दुकानात परत करून आलीस."

हेमांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मघाशी हसत सांगितलेलं ते, आता गिळता येईना.

मास्तरांनी पानाचा जुना डबा उघडला. आतून एक बझर काढला, हरभऱ्याएवढा, काळा, दोन वायरींचा. मशीन बंद करून बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवर तो खोचला.

"आता लाव."

तिनं पेचकस टेकवला.

टूंऽऽऽ... टूंऽऽऽ... टूंऽऽऽ...

लांब शिट्या, एकामागून एक. मशीनला रॅम सापडत नसली की ते असं ओरडतं, हे हेमांगीनं पुस्तकात वाचलं होतं. पण आज तिला पुस्तक आठवायची गरज पडली नाही. तिचा हात सरळ उजव्या टोकाकडं गेला.

मास्तर खाकरले.

"हो, हो," म्हणत तिनं आधी प्लग काढला. मग अंगठा ठेवला आणि दाबला.

खट्.

प्लग परत लावला, पेचकस टेकवला. या वेळी एकच छोटी शिटी झाली, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा उमटली.

"आलं! मास्तर, आलं!" ती उभ्या उभ्या उडीच मारणार होती. "बघा, एकही भाग खराब नव्हता. यादी बरोबरच होती माझी!"

"यादी बरोबरच होती," मास्तर म्हणाले. "उजवीकडं खट् झालं नव्हतं. तुला कळलं नव्हतं?"

बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते. 'गोंगाटात ऐकू आलं नाही,' असं म्हणता आलं असतं. कुणालाही पटलं असतं. हेमांगीला मामाचं काउंटर दिसलं, सोमवार दिसला. तोंडापर्यंत आलेलं ते उत्तर तिनं कसंबसं आत ढकललं.

"कळलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही बघत होता."

तिला रडू फुटेल असं वाटलं. म्हणून तिनं घाईघाईनं पिशवी उचलली. "बोर्ड खराब नव्हता, मास्तर. मी उगाच त्या दुकानदाराला बोलले. मी... निघू का?"

मास्तरांनी मशीन बंद केलं. बोर्डावरचा बझर उपटला, तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"पण मास्तर, मशीन तर चाललं. आता हा कशाला?"

"मशीन इथंच ठेव. उद्या दहाला कामाला ये... आणि हा स्वतःला लावून ये. अडलं की वाजायचं."