बुवांनी अन्न सोडलं नव्हतं

“…मग बुवा, तुम्ही अन्न सोडलंय की नाही? एकदा स्पष्ट सांगा.”

डॉ. मृणालिनी कारखानीस खाटेजवळ उभीच होती. हातात पेजेची वाटी.

अच्युतबुवा उशीला टेकून बसले होते. हृदयविकाराचा झटका, मग इस्पितळ; मठात परत आणलं तेव्हा माणूस निम्मा झाला होता.

“मी कशाला सोडू? त्यानंच मला सोडलंय.”

“बाहेर काय चाललंय ठाऊक आहे? बुवांनी प्रायोपवेशन आरंभलं, उपाशी राहून देह ठेवणार, म्हणून लोक हार घेऊन बसलेत. मठाच्या विश्वस्तांनी तर समाधीची जागासुद्धा आखलीय. चुना टाकून.”

“कुठे?”

“चाफ्यापाशी.”

“तिथे दुपारी फार ऊन लागतं,” बुवा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. कॉलेजात असताना ती या मठात बुवांशी भांडायला म्हणून आली होती. ते भांडण संपलंच नाही, म्हणून येत राहिली होती. पण हे हारवाले, हे चुनावाले… यांच्याशी कसं भांडायचं ते तिला अजून कळलं नव्हतं.

“तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?”

“सांगितलं ना. खाल्लेलं पचत नाही म्हणालो. त्यांना ते फारच साधं वाटलं.”

“साधं नाहीये ते. हृदयाला इजा झाली की ते रक्तात हार्मोन्स सोडतं. ती जठरापर्यंत पोचतात. जठर मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय, तुमच्या बाबतीतही मला तोच संशय आहे. यात वैराग्य कुठेच नाही.”

बुवा लहान मुलासारखे ऐकत होते.

“म्हणजे लागतं एकीकडे, आणि बंद पडतं भलतीकडेच?”

“तसं समजा. म्हणून थोडं थोडं, पण खायचंच. नाही खाल्लंत तर ही मंडळी खरी ठरतील. ते मी होऊ देणार नाही.”

“तुला मी जगायला हवाय, की त्यांना हरवायचंय?”

“दोन्ही.”

बुवांनी तिच्या हातातली वाटी घेतली. चमचा भरला… आणि तिच्याच तोंडापुढे धरला.

तिनं मान वळवली. “मला नको.”

“का गं?”

“इच्छा नाही.”

“कधीपासून?”

तिनं चमचा पुन्हा त्यांच्याकडे वळवला.

“तुम्हाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हापासून. चहावर चाललंय माझं. ते जाऊ द्या, तुम्ही खा.”

“तू तपासून घेतलंस?”

“माझ्या हृदयाला काहीही झालेलं नाही.”

हे तिला ठणकावून सांगायचं होतं. पण शेवटच्या शब्दांना तिनं तोंड दाराकडे फिरवलं. बाहेर टाळ वाजायला लागले होते.

बुवांनी चमचा वाटीत ठेवला. वाटीवर ताटली झाकली. मग भिंतीला हात लावत, धापा टाकत, खाटेवर थोडे आत सरकले आणि तिच्यापुरती जागा केली.

“आधी रडून घे, मालू. मग दोघं जेवू.”