पाटीवर उतरलेला बगळा

शके चौदाशे ब्याण्णव, मार्गशीर्ष मास, हेमंत ऋतू. त्या काळी एका नगरातील पाठशाळेत एक रीत होती. मोठ्या विद्यार्थ्याने स्वतः रचलेली कथा वाचायची आणि बालवर्गाने ती ऐकता ऐकता पाटीवर चित्र काढायचे. ज्याची कथा पाट्यांवर हुबेहूब उतरे, त्याला राजधानीच्या विद्यापीठात धाडले जाई. दरवर्षी एकालाच.

कालिंदीचे ते अखेरचे वर्ष होते. कल्पना तिच्यापाशी उदंड होत्या. शब्द मात्र थोडे. सरावाच्या दिवशी तिने वाचले, "तळ्यात एक छान पक्षी उभा होता. तो छान दिसत होता."

पाट्यांवर पोपट उमटले, कावळे उमटले, एक कोंबडीही उमटली.

"ताई, माझी कोंबडी बुडेल ना गं!" एक चिमुरडी म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

मग शार्ङ्गधर उठला. त्याला अवघा शब्दकोश मुखोद्गत होता. "सरोवरी कारंडव विहरत होता," त्याने वाचले. पाट्या कोऱ्याच राहिल्या.

"दादा, कारंडव दिसतो कसा?"

"कोशात आहे तो. एक पक्षिविशेष," शार्ङ्गधर पुटपुटला.

वर्ग सुटल्यावर कालिंदीचे डोळे भरून आले. शार्ङ्गधर म्हणाला, "रडतेस काय? माझे भारदस्त शब्द घे आणि दे पेरून."

मोह मोठा होता. तरी ती म्हणाली, "घेईन, पण तळ्यावर जो दाखवशील, तोच घेईन."

"म्हणजे मी चिखलात उतरू?"

"उतर की! कोश भिजणार नाही तुझा, तो डोक्यात आहे."

रोज सकाळी तळ्याकाठी तो शब्द सांगे, ती त्या शब्दाची वस्तू शोधी. पूर्वी तिला नुसता पक्षी दिसे. 'निश्चल' हा शब्द मिळाला, तेव्हा त्याचे न हलणे दिसू लागले. कारंडव काही सापडला नाही. तो शब्द तिने परत केला.

अंतिम वाचनाला कालिंदी उभी राहिली. "लव्हाळी वाऱ्यावर डोलत होती. त्यांच्याआड बगळा एका पायावर निश्चल उभा होता. मान त्याने आखडून घेतली होती. डोळे मात्र शेवाळातल्या फटीवर खिळले होते."

प्रत्येक पाटीवर बगळा उतरला. त्या चिमुरडीने तर मासाही काढला.

"मासा कुठून आणलास? कथेत तो नाही," गुरुजी म्हणाले.

"असं कसं, गुरुजी? बगळा उगाच का इतका गप्प उभा राहील?"

सर्वांत आधी टाळी वाजवली ती शार्ङ्गधराने. गुरुजींनी कालिंदीचे नाव उच्चारले आणि त्या वर्षीच्या निवडीचा प्रश्न मिटला. तो दिवस माघ शुद्ध पंचमीचा होता.

तात्पर्य, मुलांनो, असे: शब्द वाढले की लिहिणाऱ्याची दृष्टी वाढते, परंतु पाहून, पारखून आपलासा केलेला शब्दच वाचणाऱ्यालाही दृष्टी देतो.