दारातली हिरवी जोडी

"पण सर, मी एवढं पाठ करते, तरी माझा पेपर राहतो कसा?"

इंग्रजी साहित्यात आश्लेषा निकम दोनदा आपटली होती. सोमवारी तिसरी खेप. याही वेळी पेपर गेला तर कॉलेज बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. कुणीतरी नाव सुचवलं, म्हणून ती आज पहिल्यांदाच निवृत्त तांबोळी सरांच्या घरी आली होती. जीव टांगणीला लागलेला, पण तोरा पाहावा तर पहिल्या नंबराचा!

"कुठलाही प्रश्न विचारा सर. स्वल्पविरामसुद्धा चुकणार नाही."

"बुटांची कविता सांग."

अभ्यासाला लावलेली ती कविता तशी साधी. बायको गेलेला एक म्हातारा तिचे बूट दाराशी तसेच राहू देतो. बस, एवढंच.

आश्लेषानं डोळे मिटले आणि सुटलीच. दहा मुद्दे, एका दमात, इंग्रजीतून.

"छान," सर म्हणाले. "पण तो म्हातारा ते बूट उचलून का ठेवत नाही?"

"मुद्दा चौथा, सर. बूट हे शाश्वत प्रेमाचं प्रतीक आहे."

"ते परीक्षकाला सांग. मला सांग, का नाही उचलत?"

पोरगी रडकुंडीला आली. "गाईडात एवढंच दिलंय हो, सर!"

सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाळ, दारात हिरव्या पट्ट्यांच्या चपला आहेत बघ. तेवढ्या स्टँडवर ठेवून ये."

ती गेली. चपला उचलल्या. पट्ट्यांवर धूळ होती, फरशीवरही होती. फक्त चपलांखालची जागा स्वच्छ होती.

"चाचींच्या का, सर? बाहेर गेल्यात वाटतं?"

"दोन वर्षं झाली."

"कुठे..." म्हणता म्हणता तिला कळलं.

अगं बाई...

ती स्टँडकडे गेलीच नाही. तिथंच खाली बसली. फरशीवरच्या त्या स्वच्छ जागा बघून तिनं एकेक चप्पल हलकेच परत ठेवली. डावी जरा तिरकी होती, ती तिरकीच ठेवली.

"सर," ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "पण हे पेपरात लिहू कसं?"

"आत्ता ठेवल्यास ना, तसं."