लिनावची चटई

फिलिपाईन्सच्या एका डोंगराळ बेटावर लिनावान नावाचे तळे आहे. पलीकडच्या काठाला जायचे तर इंगो आजोबांच्या होडीतूनच जावे लागते. होडीत आजोबांच्या शेजारी केवड्याच्या पातीची एक लहानशी चटई अंथरलेली असते. पाहुणा चुकून तिच्यावर टेकलाच, तर आजोबा वल्ह्याच्या दांड्याने त्याला ढोसतात. "ऊठ बाबा, ती जागा घेतलेली आहे." दुसरा नियम असा, की पाण्यावर असेपर्यंत कुणी 'आम्ही' म्हणायचे नाही. का, ते आजोबा वल्हवता वल्हवता सांगतात.

तिकडे रानापाण्याच्या राखणदारणीला 'दिवाता' म्हणतात. आपल्या देवतेचेच नाव ते, समुद्र ओलांडून गेलेले. या तळ्याची दिवाता लिनाव. दिवातांमध्ये ती अगदीच कोवळी, तीनशे वर्षांची असेल नसेल. माणसांकडे तिने कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. पण मागात नावाचा एक तरुण कोळी होता. तो रोज सकाळी होडी पाण्यात लोटताना म्हणे, "चला, आपण निघू या."

आता त्यांच्या बोलीतही आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटले की आत. मागात होडीला म्हणत होता, जाळ्याला म्हणत होता, की नुसताच सवयीने, कोण जाणे! लिनावला मात्र वाटले, हा मलाच म्हणतो. मग ती त्याच्या जाळ्यात मासे हाकू लागली, उलटा वारा अडवू लागली, होडीच्या सावलीतून त्याच्याबरोबर पोहू लागली. त्या एका शब्दावर तिने अख्खा संसार थाटला, असे सांगतात.

एके दिवशी होडीत दोघे बसलेले दिसले. दुसरी होती चटया विणणारी हिमाया. तिचे आईवडील पलीकडच्या काठावर राहत आणि मागात त्यांच्याकडे तिला मागणी घालायला निघाला होता. पाण्यावर जाण्याआधी राखणदारणीची परवानगी घ्यायची तिथली रीत. मागातने मान लववली आणि म्हणाला, "आजी, आम्ही पलीकडे चाललोय. आम्हाला वाट दे."

वडीलधारी समजून दिवातेला आजी म्हणायचा तिथे रिवाजच आहे. 'आजी' लिनावने कशीबशी गिळली. पण 'आम्ही'! पाण्यात राहणारीच्याही तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी तिने होडी जाऊ दिली. खालून ती हिमायाला न्याहाळत राहिली. काय आहे हिच्यात? नाक बसके, बोटांवर पातीच्या काट्यांचे चरे. तेवढ्यात वल्ह्याचा एक थेंब हिमायाच्या गालावर उडाला आणि मागातने तो अंगठ्याने हलकेच पुसला. माझे पाणी, आणि हा ते पुसून टाकतो! लिनावला ते सहन झाले नाही. वारा नव्हता, ढग नव्हता, तरी तळे उसळले आणि होडी उलटली.

मागातला तिने तळाशी नेले, हाताला घट्ट धरले. "म्हण, आपण," ती म्हणाली. त्याच्या तोंडून नुसते बुडबुडे निघाले. तो चालला हे तिला दिसत होते. पण सोडायचे म्हणजे त्या बसक्या नाकाच्या पोरीच्या हाती द्यायचे, आणि काही केल्या तिची मूठ उघडेना.

वर हिमाया तीनदा बुडी मारून रिकाम्या हातांनी आली. मग उलट्या होडीला धरून तिने पाण्याला तोंड लावले आणि म्हणाली, "बाई गं, तुलाही तो हवा नि मलाही. मेला तर ना तुझा, ना माझा. आधी आपण त्याला वाचवू, भांडू मग."

लिनावची मूठ सैल झाली. इतकी वर्षे ज्या शब्दासाठी ती झुरली, तो खुद्द तिला कुणी म्हटला असेल तर तिच्या सवतीने! तिने मागातला वर आणले, पण त्याचा घोटा काही सोडला नाही. "पाण्यावर त्याच्या शेजारची जागा माझी," ती म्हणाली.

हिमायाने खोकणाऱ्या मागातचे डोके छातीशी धरले. "पाण्यावर तुझी," ती म्हणाली, "काठाला पाय लागला की माझी."

लग्नानंतर ती चटई हिमायानेच विणली. विणताना पाती जरा जास्तच करकचून ओढल्या म्हणे. पहिल्याच संध्याकाळी मागात परतला, तेव्हा होडी खडखडीत कोरडी आणि चटई तेवढी मधोमध ओली. हिमायाने ती झटकून वाळत घातली. त्या रात्री ती नवऱ्याकडे पाठ करून झोपली.

आजही होडी परतते तेव्हा इंगो आजोबांची बायको, सालिंग आजी, काठावर उभी असते. ऐंशीच्या घरातली बाई. नवऱ्याला उतरायला हात द्यायच्या आधी ती वाकून चटई चाचपते. चटई कोरडी असली, तर आजोबांना गरम भात मिळतो.

आजोबा म्हणतात, "लग्नाला साठ वर्षं झाली. आपण थंडच जेवतो."