परत आलेला ठोका

"आणि पलीकडून ठोका परत आलाच नाही तर?"

"तर दोर धरायचा आणि जायचं."

"वादळ असलं तरी?"

"वादळ नसताना तो येतोच, जिग्मेत."

एवढं बोलून रिगझिन लामा चुलीकडं वळले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

जिग्मेतच्या लेखी तो सुरूही झाला नव्हता. खालच्या खोऱ्यातल्या मोठ्या मठात वादविवादात त्यानं भल्याभल्यांना गप्प केलं होतं. मसणवटीत एकट्यानं बसून त्यानं ध्यान केलं होतं, आणि ते सगळ्यांच्या कानावर जाईल याची काळजीही घेतली होती. त्याच्या नावाचा अर्थच 'निर्भय'. नाव ठेवताना पोराला कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

"लामाजी, हे ठोक्याचं समजलं. मी भयाबद्दल विचारायला इतक्या वर आलोय. ते मुळापासून कसं उपटायचं?"

"तुला भय वाटतं?"

"मला नाही. पण जाणून घ्यायचंय."

"बर्फ वितळलं की विचार."

दुसऱ्या दिवसापासून हिवाळ्याचं मौन लागलं.

कड्याच्या पोटाशी ओळीनं सात खोल्या होत्या. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. दारं उघडत ती एका अरुंद, पायवाटेएवढ्या कपारीवर, आणि कपारीच्या खाली दरी. दारांवरून याकच्या केसांचा जाड दोर लोखंडी कड्यांतून ओवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. हिवाळाभर प्रत्येकानं आपल्या खोलीत राहायचं. सातूचं पीठ, लोणी, गोवऱ्या आणि साधना. बोलायचं नाही, भेटायचं नाही.

फक्त दिवस मावळताना पहिल्या खोलीतले रिगझिन लामा लाकडी मोगरीनं भिंतीवर ठोका देत. दुसऱ्यानं तो ऐकून पुढच्या भिंतीवर द्यायचा, तिसऱ्यानं त्याच्या पुढं. शेवटच्या खोलीतून जबाब निघे आणि तसाच भिंती ओलांडत लामांपर्यंत परत येई. सगळे जिवंत आहेत एवढंच त्यातून कळे. मग लामा आडवे होत.

शेवटच्या खोलीत फुंचोक मेमे राहत. मेमे म्हणजे तिकडचे आजोबा. त्या खोलीला खिंडीकडं उघडणारी एक खिडकी होती, आणि वाट चुकलेल्या माणसाला दिसावा म्हणून त्या खिडकीत हिवाळाभर दिवा ठेवायची रीत होती. कित्येक वर्षं तो मेमेच सांभाळत होते. सहावी खोली जिग्मेतची. पाचव्या खोलीत एक नवा भिक्षू होता. मौन लागायच्या आदल्या संध्याकाळी तो आला आणि तडक खोलीत शिरला. जिग्मेतनं त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. ओळख होती ती त्याच्या घाईघाईच्या ठोक्याची.

पौषात वादळ आलं.

आधी दरीतून नुसता घुमल्यासारखा आवाज येत राहिला. मग बर्फ आडवं येऊन दारावर आपटायला लागलं. फटींतून शिरलेल्या वाऱ्यानं दिवा विझला. जिग्मेतनं लावला, पुन्हा विझला. तुळया करकरत होत्या. डोक्यावरचा कडा सुटून आला तर, हा विचार एकदा मनात आला आणि मग काही केल्या जाईना. त्यानं मंत्र म्हणायला घेतला, तर आपलाच आवाज त्याला ऐकू येईना.

दिवस मावळला. पाचव्या भिंतीवरून ठोका आला.

जिग्मेतनं मोगरी उचलली आणि मेमेंच्या भिंतीवर दिली.

जबाब आला नाही. त्यानं पुन्हा दिली. भिंतीला कान लावला. भिंत गार होती आणि पलीकडं काहीच नव्हतं.

त्यानं तिसऱ्यांदा दिली, ती इतक्या जोरानं की मातीचा पोपडा पडला.

काहीच नाही.

आता नियम सरळ होता. दोर धरायचा आणि जायचं. एकच दार ओलांडायचं होतं.

त्यानं कडी काढली. वाऱ्यानं दार त्याच्या हातातून हिसकलं आणि भिंतीवर आदळलं. बाहेर कपार दिसत नव्हती. दरी दिसत नव्हती. दोर तेवढा दिसत होता, बर्फानं मनगटाएवढा झालेला, आणि तो असा हिसके देत होता की धरणाऱ्याला घेऊन खाली जाईल. मसणवटीत बसणं सोपं होतं. तिथले सगळे मेलेले होते आणि मरायची पाळी जिग्मेतवर नव्हती.

सगळं अंग टाकून त्यानं दार लोटलं आणि कडी घातली.

तेवढ्यात पाचव्या भिंतीवर ठोका पडला. नवा भिक्षू अडून बसला होता. जबाब का येत नाही, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं होतं.

जिग्मेत मोगरी हातात धरून उभा राहिला. मेमेंना कमी ऐकू येतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. म्हातारं माणूस आहे, लवकर डोळा लागला असेल. सकाळी वारा पडला की आपण जाऊच.

त्यानं पाचव्या भिंतीवर ठोका दिला.

मेमेंचा जबाब म्हणून तो निघाला. पाचव्यानं चौथ्याला दिला, चौथ्यानं तिसऱ्याला. सगळ्या ओळीला हायसं वाटलं असणार. एका जिग्मेतला सोडून.

मग ते आवाज आले.

कपारीवरून काहीतरी सरपटत येत होतं. वाऱ्याचा आवाज तो नव्हे, वारा थांबून थांबून चालत नाही. ते त्याच्या दारावरून पुढं गेलं, मेमेंच्या खोलीच्या बाजूला. बराच वेळ काही नाही. मग ते परत आलं, या खेपेला जड होऊन. त्याच्या दाराशी आल्यावर थांबलं. दारावर काहीतरी टेकलं. कडी हलली.

पिठाची पेटी जिग्मेतनं दाराला लावली, पेटीला पाठ लावली आणि डोळे मिटून घेतले. मेमे मेलेत आणि आपल्याला न्यायला आलेत, असंच त्याला वाटलं. एवढा शास्त्र शिकलेला माणूस, पण वाटलं.

काही वेळानं ते दारापासून सुटलं आणि सरपटत निघून गेलं.

सकाळी वारा पडला नाही. तोही हलला नाही. पेटी दाराला तशीच होती. पीठ घशाखाली उतरेना. मेमे आता कसे पडले असतील, तोंड कुठल्या बाजूला असेल, डोळे उघडे असतील का, हेच दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढं होतं. हाक मारावी असं एकदा वाटलं. पण हाकेला उत्तर आलं नाही तर नक्की कळलं असतं, आणि ते त्याला नको होतं.

दिवस मावळला. पाचव्या भिंतीवर ठोका आला, तसाच घाईघाईचा.

जिग्मेतनं मेमेंच्या भिंतीवर हलकेच एक ठोका दिला, नियमापुरता. वाट पाहिली नाही. लगेच वळून पाचव्या भिंतीवर जबाब दिला.

काल त्याला वाऱ्याचं भय होतं. आज त्यात त्या खोलीचं भय मिसळलं, आणि उद्या कुणाला कळेल याचंही. मेलेल्या माणसाचा जबाब आपण दिला, हे त्याला स्वच्छ समजत होतं. समजून काही उपयोग नव्हता.

उजाडलं तेव्हा त्याला खोलीत बसवेना. त्यानं पेटी सरकवली. कडी काढली. गुडघ्यांवर रांगत बाहेर आला आणि दोन्ही हातांनी दोराला मिठी मारली.

उजव्या हाताला मेमेंचं दार. एवढ्यावर.

डाव्या हाताला पाच दारांवर रिगझिन लामा.

तो डावीकडं वळला.

वारा त्याला दोन वेळा कपारीवरून उचलायला आला. एकदा पाय सुटला आणि कमरेपासून खाली तो दरीवर लोंबकळला. तेव्हा त्याच्या तोंडून आईचं नाव निघालं, बुद्धाचं नाही. हाताची सालटी दोराला चिकटून राहिली. पाचवं दार गेलं, चौथं गेलं. बाकीची कधी गेली ते त्याला कळलं नाही. लामांचं दार ढकलून तो आत पडला.

आत काळोख होता. चुलीत थोडा विस्तव, आणि त्याच्यापाशी लामा. कोपऱ्यात घोंगड्यांचा ढीग.

"लामाजी..."

"दार लाव."

त्यानं दार लावलं. दात वाजत होते. मौन मोडल्याची माफी मागायची त्याला आठवणही राहिली नाही.

"लामाजी, भय कसं जातं?"

"कुठून आलास?"

"माझ्या खोलीतून."

"कसा?"

"दोर धरून."

"वारा होता?"

"लामाजी, मी मरता मरता वाचलो."

"किती दारं ओलांडलीस?"

"पाच."

"मेमेंचं दार तुझ्यापासून किती?"

विस्तवातली गोवरी ढासळली. थोडा उजेड झाला.

"एक," जिग्मेत म्हणाला.

मग त्याचा बांध फुटला.

"मेमे गेले, लामाजी. परवा त्यांचा ठोका आला नाही. मी दार उघडलं आणि परत लावलं. जबाब मी दिला. कालचाही मीच दिला. त्यांच्या खोलीतून काहीतरी आलं होतं, माझ्या दाराला टेकलं होतं. मी उघडलं नाही."

"दम घ्यायला टेकलो होतो," लामा म्हणाले. "मेमे दिसतात तेवढे हलके नाहीत."

घोंगड्यांचा ढीग खोकला.

ढिगातून आधी एक हात आला, मग सुरकुतलेलं तोंड. फुंचोक मेमे. नाक निळं पडलेलं, पण डोळे जागे.

"धुराड्यात बर्फ बसलं होतं, पोरा," मेमे हळू आवाजात म्हणाले. "धूर कोंडला. मी पडलो, तो पडलोच. ठोका ऐकू येत होता. हात उचलत नव्हता."

"ऐकू येत होता..."

"तिन्ही आले. तिसरा फार जोरात दिलास."

जिग्मेतनं लामांकडं पाहिलं.

"तुम्हाला कसं कळलं? जबाब तर आला होता."

"उशिरा आला होता," लामा म्हणाले. "दार उघडून परत लावण्याएवढा."

बोलताना त्यांनी हात विस्तवाकडं नेले, आणि तेव्हा जिग्मेतला त्यांचे हात दिसले. दोन्ही हातांना लोण्यात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंध्यांबाहेर आलेली बोटांची टोकं काळी होती. या बोटांत मोगरी धरता येणं शक्य नव्हतं.

"मग काल संध्याकाळी ठोका कुणी दिला?"

लामांनी मेमेंकडं पाहिलं.

"मी दिला," मेमे म्हणाले. "इथूनच. मोगरी दोन्ही हातांनी धरली आणि दिला. मग आम्ही दोघं वाट पाहत बसलो. आणि माझा जबाब आला. चांगला आला. माझ्या हाताला आता एवढा जोर राहिलेला नाही."

मेमे हसले, मग त्यांना पुन्हा खोकला लागला. जिग्मेतनं कपाळ जमिनीला टेकलं आणि तसाच राहिला. रडू येत होतं, पण इथं रडायचाही आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं. मेमेंनी आपला चहाचा वाडगा त्याच्याकडं सरकवला. तो त्यानं घेतला नाही.

"मला शिक्षा द्या, लामाजी."

"हिवाळ्यात शिक्षा द्यायला कुणाला वेळ आहे?" लामा म्हणाले. "खिंडीकडच्या खिडकीत परवापासून दिवा नाही. मेमे आता दुसऱ्या खोलीत राहतील, माझ्या शेजारी. दुपारी वारा जरा मंदावला की बाकीचे एकेक दार पुढं सरकतील."

जिग्मेतनं मनात दारं मोजली. दुसरा तिसऱ्यात, तिसरा चौथ्यात. त्याचं मोजणं शेवटच्या दाराशी येऊन थांबलं.

"मी... शेवटच्या खोलीत?"

"धुराडं साफ ठेव. बर्फ फार लवकर बसतं."

बाहेर वाऱ्यानं दोराला हिसका दिला. भिंतीतली कडी खणखणली. जिग्मेतला ती खोली दिसली, तो विझलेला दिवा दिसला. कोंडणारा धूर दिसला, आणि जमिनीवर पडून तीन ठोके ऐकणारा माणूस. या खेपेला त्या माणसाला तोंड होतं, आणि ते मेमेंचं नव्हतं.

"लामाजी, आता माझ्या खोलीत तो पाचव्या खोलीतला येणार?"

"तोच."

"मी त्याला कधी पाहिलं नाही. तो माणूस कसा आहे?"

लामांनी मोगरी दोन्ही तळव्यांत धरून उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुझ्यासारखाच."