गोजराकाकूची चूल आणि प्रधानाच्या रेघा

फार वर्षांपूर्वीची, काड्यापेटीही नव्हती तेव्हाची गोष्ट. एका गावात गोजराकाकू राहायची. सगळ्यांच्या आधी तिची चूल पेटायची, म्हणून गावातल्या बायका गोवरीवर विस्तव न्यायला तिच्याकडेच यायच्या. विस्तव देता देता काकू चौकशी करी. सून माहेराहून आली का, म्हातारीचा खोकला कसा आहे. विचारल्याशिवाय कळणार तरी कसं?

एकदा राजानं गावचं तळं आपल्या हत्तींसाठी राखून ठेवलं. गावानं ऐकलं नाही. बायका रोज शिपायांच्या देखत घागरी भरून नेत राहिल्या. राजा चिडला आणि यांचा म्होरक्या शोधा म्हणाला.

प्रधान मोठा हुशार. आठ दिवस पारावर बसून त्यानं कोण कुणाच्या दारी जातं ते पाहिलं. मग घराला एक ठिपका, जाण्यायेण्याला एक रेघ, असं चुन्यानं सगळं गाव जमिनीवर काढलं. जवळजवळ सगळ्या रेघा एकाच ठिपक्याला येऊन मिळाल्या.

राजानं काकूला त्या ठिपक्यावर उभं केलं. गावाला तळं सोडायला सांग, नाहीतर चूल विझवून दारात पहारा बसवू, असा हुकूम झाला. चूल विझली की दारात कोण येणार? माणसांवाचून तिला घास उतरत नसे. तरी ती ताठ उभी राहिली.

"प्रधानजी, कोण येतं ते बरोबर टिपलंत. का येतं, ते विचारलं नाहीत. माझ्याकडे विस्तव मिळतो, हुकूम नाही. विझवा चूल. तळं सोडा, असं मी सांगायची नाही."

चूल विझली. दुसऱ्या दिवसापासून, ज्या घरी राखेखाली निखारा तगला असेल तिथं जाऊन, बायका एकमेकींकडे विस्तव मागू लागल्या. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्यांनीही नाइलाजानं शेजारचं दार वाजवलं, आणि दारातच गप्पांना बसल्या. पाण्यालाही एकमेकींना हाका मारून निघू लागल्या; तळ्यावर वीस घागरी यायच्या, त्या साठ झाल्या. तिसऱ्या सकाळी काकूशी उभा दावा असलेली समोरची ठकू पेटती गोवरी घेऊन थेट पहाऱ्यावर आली.

"सरक रे. दोन दिवस काकू कोरडं खातेय," म्हणाली आणि आत शिरली. शिपाई सरकला.

प्रधानानं पुन्हा रेघा ओढल्या. मधला ठिपका काही सापडेना.

"आता कुणाला धरायचं?" राजानं विचारलं.

"महाराज, धरायचं तर सगळं गाव धरावं लागेल."

राजानं हत्ती नदीवर नेले.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: गाव एकमेकांच्या येण्याजाण्यावर उभं असतं, म्हणून मधलं एक माणूस बाजूला केल्यानं ते मोडत नाही.