तिसरा अडसर

हे लिहायचे नाही, असे आमच्या बाईंनी मला बजावले होते. म्हणाल्या, "चौथीच्या मुलांसाठी गोष्ट लिहून दे, पण बोधिसत्त्व घाबरला होता हे नको. त्यांना तो शूर दिसू दे." पण तेवढे गाळले तर गोष्टच उरत नाही, म्हणून लिहिते.

फार पूर्वी वेणुपूर नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे न्यायाधीश होता. त्या नगरात महाजनांची सभा नियम करी, राजा ते अमलात आणी आणि न्यायाधीश तक्रारी ऐकून निवाडा देई. वेशीच्या दाराला तीन अडसर होते. एक राजाचा, एक सभेचा, एक न्यायाधीशाचा. दिवस मावळल्यावर तिघांनी आपापला अडसर काढल्याशिवाय दार उघडत नसे. ही रीत राजाच्या आजोबांनीच घातली होती. एकदा रागाच्या भरात त्यांनी एका निरपराध माळ्याला तिन्हीसांजेला बाहेर काढले होते, आणि सकाळी त्याचे नुसते पागोटे सापडले. तेव्हापासून प्रत्येक नवा राजा दारावर हात ठेवून म्हणे, "मी चिडलो किंवा भ्यालो, तर मला अडवा."

एका वर्षी बिबट्या आला. आधी शेळ्या गेल्या, मग वेशीबाहेर राहणारा धोबी गेला. सावल्या लांबल्या की आया मुलांना घरात ओढत. कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली. उत्पला नावाची कुंभारीण मात्र रोज वेशीचे दार लागता लागता रानातल्या भट्टीवरून एकटी परत येई, आणि तिला कधी ओरखडाही उठला नाही.

"हिला बरा सोडतो!" पाणवठ्यावर एक बाई म्हणाली.

"सोडेल नाही तर काय? पाळलाय हिनेच."

"मग जाऊ दे की त्याच्याकडेच नांदायला!"

संध्याकाळी सारे नगर वेशीपाशी जमले. उत्पलाला दंडाला धरून आणले होते. तिची लहान मुलगी तिचा पदर सोडत नव्हती. राजाने आपला अडसर काढला. सभेचा प्रमुख भद्रक याने खाली बघत सभेचा काढला. आता एकच उरला.

"काढा, न्यायाधीश," राजा म्हणाला.

"महाराज, हिचे म्हणणे अजून कोणी ऐकलेले नाही. ऐकल्यावाचून कोणाला बाहेर काढू नये, असा नियम आहे."

"नियम सुखाच्या दिवसांचे असतात. काढा, उद्यापासून तुम्ही महामंत्री. नाही तर हिच्याबरोबर तुम्हीही बाहेर."

"म्हाताऱ्या," गर्दीतून कोणी ओरडले, "तुझा नातू गेला असता म्हणजे कळले असते!"

बोधिसत्त्वाला घरी झोपलेला नातू आठवला. त्याने अडसरावर हात ठेवला. लाकूड कडीत खडखडू लागले. लोकांना वाटले, वारा असेल.

तो म्हणाला, "महाराज, तुमच्या सैनिकांपुढे माझे बळ चालणार नाही. त्यांना अडसर ओढायला सांगा. फक्त त्याआधी, राज्याभिषेकाच्या दिवशी या दारावर हात ठेवून तुम्ही जे म्हणालात, ते एकदा सगळ्यांदेखत म्हणा."

राजाने तोंड उघडले. लोक गप्प झाले, आणि त्या शांततेत सर्वांना ते ऐकू आले. दारापलीकडे कोणी तरी हुंगत होते. मग फळीवरून नखे सावकाश खाली घसरत आली. दाराखालच्या फटीतून एक पंजा आत आला, माती चाचपून मागे गेला.

राजा आणि बिबट्या यांच्यामध्ये तो एकच अडसर होता. राजाने आपला अडसर स्वतःच्या हातांनी परत बसवला, दारावर तळवा टेकवला आणि पुटपुटला, "मी भ्यालो, तर मला अडवा."

सकाळी उत्पलाचे म्हणणे ऐकण्यात आले. ती म्हणाली, "भट्टीतला विस्तव मी मडक्यात घालून आणते, घरच्या चुलीसाठी. त्याच्या धुराला तो बिचकतो. कुणी विचारले असते तर सांगितले असते." त्या दिवसापासून रानात जाणारा प्रत्येकजण विस्तव नेऊ लागला. शिकार मिळेना, तेव्हा बिबट्या डोंगराकडे निघून गेला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा समोर एक भिक्खू मान खाली घालून बसला होता. आपल्या सोबत्याचे काहीही न ऐकता त्याला विहारातून काढा, असा हट्ट त्याने धरला होता. तोच तेव्हाचा राजा. तो सोबती म्हणजे कुंभारीण उत्पला. आणि न्यायाधीश म्हणजे स्वतः शास्ता. या कथेतला गुण अधिष्ठान, म्हणजे ठरवलेल्या नियमाला संकटातही धरून राहणे.

आता ते, जे लिहायचे नव्हते. उत्पलाची मुलगी म्हातारी झाल्यावर आपल्या नातवंडांना सांगे, की त्या संध्याकाळी वारा नव्हताच. ती लहान होती, दाराला खेटून उभी होती, म्हणून तिला एकटीला दिसले. न्यायाधीशाचा हात इतका थरथरत होता की त्यानेच लाकूड वाजत होते, आणि तरीही त्याने तो हात अडसरावरून—

बाई जिन्यावरून हाक मारत आहेत.